मुभा

तळघरात, लॉन्ड्रीला लागून माझं टेबल.
भिंतीपलीकडे चादरी उकळतात,
अलीकडे मी डॉक्टर तपासते.

हसू नका. कुणीतरी तपासावे लागतातच.
पदवी खरी का, नोंदणी चालू का,
विमा कधी संपतो, मागच्या हॉस्पिटलातून
निघाले की काढले.
झेरॉक्सवर माझा विश्वास नाही. मी थेट विचारते:
कॉलेजला, कौन्सिलला, मिरजेच्या त्या बाईंना
ज्या फोन उचलतात साडेतीननंतरच.

फॉर्मवर याला प्रिव्हिलेज म्हणतात.
मराठी रजिस्टरसाठी शब्द हवा होता.
कुणी म्हणालं, विशेषाधिकार.
मला तो संस्थानिकांचा वाटला,
हत्ती, छत्र, एकवीस तोफा.
मी लिहिलं: मुभा.
परक्याच्या पोटात हात घालण्याची मुभा,
इतक्याच खोलवर,
दोन वर्षांपुरती.

डॉक्टर अफरोज मुकादम मार्चमध्ये आल्या.
फाइल स्वच्छ, फक्त मधे चौदा महिने कोरे.
कोरी जागा आमच्यात चालत नाही.
या काळात कुठं होतात?
दाभोळला. अब्बांच्या उशाशी.
पुरावा?
विचारलं आणि जीभ चावली. पण विचारावंच लागतं.
त्यांनी पिशवीतून कागद काढला,
एकदाही घडी न घातलेला.
मृत्यूचा दाखला मी
अनुभवाच्या दाखल्यांमध्ये टाचला,
तारखेच्या क्रमाने.

समितीत सातजण. चहा, खारी.
रेळे मॅडमनी विचारलं, पित्ताशयं किती काढलीत?
एकशे बारा.
आणि?
दोनदा पोट उघडावं लागलं. एक बाई गेली.
कुणाच्या तरी खारीचा तुकडा कपात पडला.
नाव आठवतं?
आठवत होतं. वयही. गावही.
इतिवृत्तात ते घेतलं नाही मी.
लिहिलं: पहिल्या दहा देखरेखीखाली, मग स्वतंत्र.

कीर्तिकर सरांची फाइल त्या मानाने बारीक.
माझ्या आईचं आतडं त्यांनीच शिवलेलं.
तेव्हा हे टेबल नव्हतं, फॉर्म नव्हता,
नुसतं कीर्तिकर म्हटलं की पुरे.
यंदा ते स्वतः खाली आले, जिन्याने,
कठड्याला धरून.
यादी पुढ्यात ओढली, माझं पेन मागितलं
आणि एकेक ओळ काटत गेले.
यकृत.
स्वादुपिंड.
अन्ननलिका, तिच्यावर जरा रेंगाळले.
पट्टी देऊ का, ओठांवर आलं होतं.
रेघ थरथरत होती आणि तीच तर
ते मला दाखवायला आले होते.

हर्निया राहू दे, म्हणाले.
मग, नको, देखरेखीखाली लिही.
कुणाच्या, सर?
ती नवी मुलगी आहे ना. हात बघितलाय मी तिचा.
तिच्याच दहातल्या चार बाकी आहेत, सर.
मग थांबतो, म्हणाले,
आणि माझं पेन खिशाला लावून वर गेले.

संध्याकाळी थिएटरच्या दाराशी
नवी यादी लावायला गेले.
ट्रॉलीवर एकजण पडलेला,
माझगाव गोदीतला असावा, मनगटावर निळा नांगर.
टोपीतून कान बाहेर, पोरासारखे.
ताई, डॉक्टर नवीन आहेत म्हणे?

दहातली सातवी,
हे मी सांगितलं नाही. एकशे बाराचंही नाही,
त्या बाईचं तर नाहीच,
जिचं नाव मला आता पाठ झालंय.
चांगल्या आहेत, म्हटलं. तपासल्यात मी.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं,
हातातल्या सेलोटेपकडे, साडीकडे.
तुम्ही पण डॉक्टर?

नाही हो, म्हटलं,
आणि यादीचा सुटलेला कोपरा
अंगठ्याने दाबून धरला.