पुढे बुकिंग नाही

धुळ्याला रूळ येत. पुढे जात नसत.
फलाटाच्या टोकाला बफर,
मागे बाभळी, एक पडीक विहीर
आणि नुसतं ऊन.
सुपडू पॉइंटमन नव्या माणसाला सांगे,
"आठे सरनी दुनिया. आते पायी चाला."

माझे वडील पार्सल ऑफिसात.
त्यांच्या काट्यावर सगळं गाव कधी ना कधी चढलेलं:
कापसाच्या गाठी, शेंगतेलाचे डबे,
मिरचीची पोती, की अख्खा फलाट शिंकावा,
सर्कशीतलं एक आजारी माकड,
आणि एका रविवारी, दोन पोत्यांच्या मध्ये, मी.
सव्वीस किलो.
वडिलांनी पावतीबुक उघडलं. "कुठं पाठवू?"
मी म्हटलं, पुढे.
ते म्हणाले, पुढे बुकिंग नाही.

ह्या स्टेशनाचा इतिहास कुणी लिहिला नाही.
दगड घडवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत;
फक्त तिसऱ्या खांबावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
टाकीनं काढलेला एक मासा.
का मासा, कुणास ठाऊक.
जेवणाची सुट्टी लांबली असेल.

चाळीसगावहून निघालेली गाडी
जामदा, राजमाने, मोरदड, शिरूड
सगळ्यांची गाठोडी सांभाळत यायची.
इथे इंजिन सुटायचं,
बाजूच्या रुळानं मागे जायचं,
आणि शेपटीलाच तोंड फुटायचं.
ड्रायव्हर खाली उतरून चूळ भरी.

रोज दिवेलागणीला सुपडू
बफरवर लाल कंदील ठेवून येई.
"तिकडून कोण येणार आहे, काका?"
"कोणी नाही. पण रुळाला सांगावं लागतं,
बस, बाबा. नाहीतर त्याला वाटतं आपण चुकलो."

मग दुर्बीणवाले आले. इंदूरपर्यंत लाइन, म्हणाले.
बाभळीत लाल खुंट्या ठोकून गेले.
सुपडूनं त्यातल्या एकीला शेळी बांधली.
दहा-बारा वर्षांनी दुसरे आले, खुंट्या पिवळ्या.
शेळी तिसऱ्या पिढीची, खुंटी नवी, दोर तोच.
निवडणूक आली की बाभळी तोडल्या जात.
निवडणूक गेली की उगवत.

सुपडू रिटायर झाला. कंदिलाजागी बल्ब आला.
पार्सल ऑफिसला कुलूप;
काट्याचा गज अजून आडवा,
काहीच न ठेवता थोडा डावीकडे झुकलेला.

परवा खरोखरच जेसीबी आला.
बफर उखडले. जमिनीत इतके खोल गेले असतील
असं वाटलं नव्हतं.
पुढची माती ओली, काळी, उघडी पडली,
आणि मी, साठीची बाई, काठावर उभी,
मला आनंद व्हायला हवा होता.

मुकादमानं खुंटीची शेळी सोडली,
दोर हातात धरून ओरडला,
"कुणाची आहे ही?"

सुपडूची सून लांब, नळावर.
तिला ऐकू गेलं नाही.
मी पुढे होऊन दोर घेतला.
शेळी मात्र हलेना.
तिथेच उभी राहिली,
रूळ जिथे संपायचे, तिथे.