छपराला भोक

चार बांबू, नायलॉनची दोरी आणि निवडणुकीचा फ्लेक्स,
हरलेल्या माणसाचा. सामारच्या या किनाऱ्यावर
जिंकलेल्यांचे फ्लेक्स आधीच
कुणाकुणाच्या कोंबड्यांवर गेले होते.

रेमेदियोस म्हणाली, चेहरा वर कर,
त्याचे दात बघत कोण जेवणार?
क्रिसान्तोने तो खालीच केला.
का, ते विचारू नका.

पहिल्या दिवशी वाऱ्याने छप्पर धरलं,
उलांडीची होडी आडवी सरकत खडकांकडे निघाली.
त्याने गुडघ्यावर येऊन पुढच्या दोऱ्या कापल्या,
घरी बांबू वीतभर आखूड केले.
मग गळ फेकायला हात वर जाईना.
तिसऱ्या दिवशी सगळं नीट जमलं
आणि मासा एक नाही.

रात्री म्हणाला, पक्षी दिसत नाहीत मला.
ते घिरट्या घालतात तिथे खाली टूना असतो.
चाळीस वर्षं मान वर करूनच चूल पेटली.
तिने त्याच्या डोळ्यांत औषध घातलं.
उन्हाने बुबुळाकडे ओढत आणलेला मांसाचा पडदा
बॅटरीच्या उजेडात ओला दिसला.
ती काही बोलली नाही.

सकाळी छपराला बशीएवढं भोक,
कडेने दुहेरी टाका,
बरोबर उमेदवाराच्या डाव्या डोळ्यात.

आता बशीभर ऊन त्याच्या पावलावरून निघतं,
बर्फाच्या पेटीवर चढतं, दुपारी
मांडीवर येऊन बसतं. तो जरा सरकून जागा देतो.
कधीतरी ते क्षणभर विझतं,
पंखाएवढं,
आणि तो इंजिनाची दोरी ओढतो.