झडप

वसमत, दहावी ब.
शमीमनं अब्बांच्या दुकानातून
बकऱ्याचं हृदय आणलं, भाकरीच्या डब्यात.

पुस्तकात अर्धं लाल, अर्धं निळं.
ट्रेमध्ये सगळंच तपकिरी.
सोनटक्के बाईंच्या हातात ब्लेड थरथरलं.
"द्या इकडं," शमीम म्हणाली
आणि एका रेघेत उघडलं.

"ही डावी भिंत बघा, किती जाड.
हिला अंगठ्यापर्यंत ढकलायचंय रगत.
उजवीला काय,
फुप्फुस तर शेजारीच."

महाधमनीत पाणी ओतलं,
तीन पाकळ्या गपकन मिटल्या,
मेल्यावरही
काम ध्यानात असल्यासारख्या.

मधल्या सुट्टीत तिच्याजवळ
कुणी बसत नसे.
मी बसले.
मनगटं धरून मोजले ठोके:
तिचे ब्याहत्तर,
माझे शंभरावर.

"भेलीस काय गं?"
तिनं विचारलं.
हात सोडला नाही.