ळ कुठल्या बटणाखाली

केप्यात, मामलेदार कचेरीच्या वरच्या खोलीत
बैठक साडेदहाची, सुरू झाली सव्वाअकराला,
आणि इतिवृत्त लिहायला नेहमीप्रमाणे मी.
विषय एक : सर्व कार्यालयांत एकच संगणक प्रणाली असावी काय.
विषय दोन नव्हता.

पणजीहून आलेला शौनक कुंकळ्येकर,
गळ्यात ओळखपत्र, भिंतीवर त्याचा रंगीत तक्ता :
नोंदणीकडे एक, तिजोरीकडे दुसरी,
आरोग्य केंद्रात कुणी देणगीत दिलेली तिसरी.
म्हणाला, एकीकडचा कागद
दुसरीकडे गेला की मुका होतो.
खोटं नव्हतं.
गेल्या महिन्यात मीच पाठवलेली यादी
मडगावात उघडली, तर साठ माणसांच्या जागी
साठ ओळी रिकामे चौकोन,
कुणीतरी नांगरून पेरायचं विसरल्यासारखे.
तिकडून फोन आला : बाय, ही माणसं कुठली?

सर्व्हेचे रिबेलोबाब चष्मा पुसत म्हणाले,
एकच घ्या, हरकत नाही.
मग उद्या कंपनी भाव वाढवील
आणि आपण तिच्या भाटातले मुंडकार.
भाटकाराचं घर तरी दिसायचं, डोंगरावर.
याचं कुठे आहे?

शौनक म्हणाला, मग खुली घेऊ, फुकटची.
हिशेबनीस प्रेमावती म्हणाल्या,
फुकटचा माणूस मार्चअखेरीस रात्री येईल का?

इतक्यात चहा घेऊन इनास आला, कुडतरीचा.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
बशा ठेवता ठेवता बोलला :
आमच्या खाजनाला मानस एकच.
फुटली तर सगळ्यांची शेतं खारट.
क्षणभर सगळे त्याच्याकडे बघत राहिले,
रिबेलोबाब तर जिंकल्यासारखे.
पण इनासचं संपलं नव्हतं.
प्रत्येकाने आपापली केली असती ना सायबा,
तर भरती कुणाचंच ऐकली नसती.
ट्रे काखेत मारून तो गेला.
हे इतिवृत्तात कसं घालावं, मला सुचलं नाही.

मग कुणीतरी पुसलं, कळफलक कुठल्या लिपीचा?
खोली एकदम गप्प.
पंख्याचा आवाज तेवढा.
साहेबांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

आणि मग, बावीस वर्षांत पहिल्यांदा :
फळदेसाईबाय, तुमचं काय मत?

माझं मत माझ्या उजव्या करंगळीत आहे, सायबा.
जुन्या मांडणीत तिच्याखाली ळ असतो.
मी न बघता लिहिते केळशी, लोटली नाही,
लोटलीत ल आहे, हेसुद्धा करंगळीला ठाऊक.
नव्या मांडणीत ळ बसतो ल च्या डोक्यावर,
दोन बटणं एकदम दाबावी लागतात,
एक बोट दमलं की वेळीपाचा वेलीप,
आणि वेलीप नावाचा माणूस
या तालुक्यात कधी जन्मलाच नाही.

हे मी बोलले नाही.
डोळ्यांपुढे ते साठ चौकोन होते.
म्हटलं, एकच असावी.
टेबलाखाली करंगळी
मांडीवर ळ दाबत होती, पुन्हा पुन्हा.

ठरलं असं की उपसमिती नेमावी.
इतिवृत्त तिन्ही प्रणालींत पाठवावं.

जेवणाच्या सुट्टीनंतर खिडकीपाशी
गोणो वेळीप, डोंगरावरून चालत आलेला,
छत्री दाराशी टेकवून.
बाये, आज तरी म्हजें नांव आसा मगो?

शौनकने जाताना नवी मांडणी घालून दिली होती,
सवय होईल म्हणाला.
मी टंकलं, व. मग मात्रा.
मग खाली वाकून, चष्मा कपाळावर,
बालवाडीतल्या पोरीसारखी
एक एक बटण शोधत राहिले.
गोणोही काउंटरवर वाकला,
आणि वाचता येत नसताना
माझ्याबरोबर शोधू लागला.