पन्नासचा डबा

डब्यावर छापलं होतं, शंभर वर्षं.
गिऱ्हाइकाला मीच वाचून दाखवायचो, ओळीखाली बोट ठेवून,
जणू ती मी मोजून पाहिली आहेत.
लाखांदूरच्या स्टँडवर तेव्हा माझं एकच दुकान,
एकच रायटर, तोही लोडशेडिंगच्या मर्जीवर.
पन्नास कोऱ्या सीड्या नागपूरहून यायच्या
पवनीच्या बसनं, कंडक्टरच्या सीटखाली.
एक पडायची सात रुपयांना,
भरून दिली की तीस.

लग्नं भरली, नामकरणं भरली,
पाणीवाटप संस्थेची अख्खी रजिस्टरं स्कॅन करून भरली.
सचिव म्हणाले, आता उधईची भीती नाही.
मी म्हणालो, छे, हिला कुठली उधई.
बावन्नच्या वेगानं भरायचो, लाइटचा काय नेम,
वरून मार्करनं नाव, ठसठशीत.
त्या शाईनंच आत उतरून खाल्लं असावं, असं आता वाटतं.
तेव्हा कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

आज पुस्तकला आली,
उरकुडा मेश्रामांची मोठी लेक, अंगणवाडीची मीटिंग आटोपून.
पिशवीतून काढली दोन हजार सहाची सीडी.
'दिघोरी मंडई, दंडार', माझंच अक्षर,
'र' ची शेपटी तेवढी विरलेली.
"मोबाईलात घालून द्या," म्हणाली.
"बाबाचा आवाज आमच्यापाशी दुसरा नाई."

उजेडात धरली.
चांदी जागोजागी उडालेली,
भोकांतून समोरच्या पानठेल्याचा लाल रंग दिसला.
पत्र्याच्या घरात, टीव्हीच्या डोक्यावर,
हिनं किती मे महिने काढले असतील.
ड्राइव्ह फिरला, अडला, पुन्हा फिरला,
जात्यात खडा आल्यासारखा.
काढली, पुसली, मधून कडेकडे,
गोल नाही, सरळ. एवढं तरी शिकलोय.

सीडी आतून बाहेर लिहिली जाते
आणि मरते बाहेरून आत.
म्हणजे भैरवी आधी गेली,
मग सोंगं, मग ते हशे आणि शिट्ट्या,
मग उरकुडाजींचं गाणं, ज्यासाठी लोक सायकलीनं यायचे.
उरली चार मिनिटं अकरा सेकंद.
पडदा वर जायच्या आधीची.
ती मी कापायला हवी होती.
तीस रुपयांत कोण कापत बसणार.

हॅलो. हॅलो. एक, दोन.
खोकला.
ए, पायपेटी जराशी इकडे सरकवा.
जनरेटरवाल्याले चहा देल्ला का बे कोनी?
एक, दोन.
मांगच्या लोकाइले आयकू येऊन रायलं का?

"येऊन रायलं, बाबा," पुस्तकला म्हणाली.
मी उगाच माऊस हलवत बसलो.

मग नाक पुसून तिनं विचारलं,
"हे किती वर्सं टिकन?"
शंभर जिभेवर आलंच होतं, सवयीनं.
म्हटलं, सांगता येत नाही.
मोबाईल पाण्यात पडतो, पेनड्राइव्ह एक दिवस उघडतच नाही.
दोन-दोन वर्षांनी दुसरीकडे उतरवत राहा.
"धानाच्या बिजाईवानी म्हना," ती म्हणाली,
"कोठीत ठेवलं तं उगवत नाई."
जुनी सीडी मात्र तिनं टाकू दिली नाही,
मीटिंगच्या वहीत घालून नेली.
पैसे मी घेतले नाहीत. तिनं तरी ठेवलेच,
तीस.

ती गेल्यावर आठवलं.
सचिवांना फोन लावला.
म्हटलं, ती जुनी रजिस्टरं आहेत ना कुठं, मूळची, कागदाची?
"कागद?" ते हसले.
"रद्दीत देऊन टाकले कवाचेच.
तुमची सीडी हाये नं आमच्यापाशी,
शंभर वर्सवाली."