कोरडं वजन

यंग्सटाउन, ओहायो. सोमवार, बुधवार, शुक्रवार
पहाटे पाचला मी डायलिसिस सेंटरचं कुलूप काढते.
आधी काटा.
यंत्राला जोडण्याआधी जो तो त्यावर उभा राहतो,
बूट काढून, खिशातल्या किल्ल्या माझ्या हातात देऊन,
आणि चार तासांनी पुन्हा.
मधला फरक म्हणजे पाणी.
ते वजा जाता उरतो तो माणूस.
आमच्या वहीत त्याला ड्राय वेट म्हणतात,
कोरडं वजन.

चार नंबरच्या खुर्चीत कार्माइन देलासांद्रो,
एकेकाळी एकशे बारा पौंडांचा फ्लायवेट,
आज एकशे एकोणनव्वद, त्यातले सात पाण्याचे.
पाच नंबरला ओडेल प्रूइट.
हा स्वतः कधी लढला नाही. तीस वर्षं
दुसऱ्यांच्या फुटलेल्या भुवयांवर अंगठा दाबला त्यानं,
दोन फेऱ्यांमधल्या साठ सेकंदांत.

यंत्र सुरू झालं की भांडण सुरू.
लूथर ब्रॅकेट मोठा की आयझी फेल्डर?
ब्रॅकेट दोनशे अठरा पौंड, रंगीत टीव्हीवरचा.
फेल्डर एकशे चौतीस, सन पंचवीसचा,
त्याची एकही फिल्म उरली नाही,
गोदाम जळालं म्हणतात.
उरलाय एक फोटो, त्यातही तो बसलेला.

"बसलेल्या माणसाशी कसली तुलना?"
"बसलाय तिथून तुझ्या ब्रॅकेटनं उठवून दाखवावं त्याला."

मग आकडे निघतात.
फेल्डरच्या दोनशे सहा लढती, कधी आठवड्यात दोन,
मधली रात्र आगगाडीत.
ब्रॅकेटच्या एकेचाळीस.
पण ब्रॅकेटसमोर उभा राहणारा ब्रॅकेटएवढाच असायचा,
आणि फेल्डरपुढचे निम्मे तर खाणीतून परस्पर आलेले,
हात न धुता.
वजन सारखं केलं तर?
कार्माइन मोकळ्या हातानं हवेत ब्रॅकेटला आटवतो,
दोनशे अठराचा एकशे चौतीस, दुधासारखा.
ओडेल म्हणतो, आटवशील, पण ठोसा खाली लागेल.
(तो असं म्हणाला नाही.
म्हणाला त्याचं मराठी मी मनात केलं.)

मी मध्ये पडत नाही.
माझा आजा मिरजेकडच्या फडात जोड लावायचा.
त्याच्याकडे कुठला काटा. मान बघायचा, मांडी बघायचा,
गर्दीतले दोन हात उचलून एकमेकांत द्यायचा.
एकदाच चुकला, आई सांगायची.
त्या चुकीचं नाव मात्र सांगायची नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी, बाहेर रस्त्यावर
मिठानं काळा पडलेला बर्फ,
मी ओडेलला विचारलं,
तुम्ही तर ब्रॅकेटच्या कोपऱ्यात होतात ना?
सगळं थांबलं, यंत्रं सोडून.
"क्लीव्हलंड. अकरावी फेरी. डावी भुवई.
हाड दिसत होतं. मला म्हणाला,
ओडेल, माझ्या आईला पुढच्या रांगेतून उठव.
मला ठाऊक आहे ते एवढंच.
ठोसा, उंची, हाताचा पल्ला, ते तुम्ही वाटून घ्या."

कार्माइन बराच वेळ छताकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
"फेल्डरला आई नव्हती."
आणि दोघं इतके हसले
की पाच नंबरचा अलार्म वाजला.

सुया काढल्यावर दहा मिनिटं दाबून धरावं लागतं.
ओडेलची नजर माझ्या अंगठ्यावर.
"उचलून बघू नकोस, पोरी. बघितलंस की गेलं."
मी बघत नाही.
भिंतीवरच्या घड्याळात त्याचा साठावा सेकंद
येतो, जातो, दहा वेळा.

मग पुन्हा काटा.
कार्माइन अजूनही त्यावर चढला की
आधी सगळा श्वास बाहेर सोडतो
आणि आकडा स्थिर होईपर्यंत
आत घेत नाही.