केशरी

लिमाच्या टेकडीवर दोनशे बारा पिवळ्या पायऱ्या.
एउदोसिया रोज चढते, खिशात गोळ्यांची पुडी.
येर्सोनच्या घशाखाली उतरेस्तोवर
दारातून हलत नाही.
काल मात्र रविवार होता.

"ताप गेला, वजन वाढलं. आता कशाला?"

ती बादलीत डोकावते.
लघवी पिवळी.
केशरी हवी होती.

मग उंबऱ्यावरच बसते, धापा टाकत.
"मेले ते घाईचे होते रे.
उरलेत ते चिवट.
मेणाचं घोंगडं पांघरून,
दिवसातून जेमतेम एकदा दुणावत
फुप्फुसात दबा धरून बसलेत.
आज सोडलंस, तर उद्या
ह्याच गोळीला हसतील."

येर्सोन पाणी मागतो.

उतरताना नव्वदाव्या पायरीवर
तिलाच खोकला येतो.
धुक्याचा असेल,
म्हणते.